बियाणे त्यांचे, तुरुंग आमचा



कापसाला भाव नाही आणि ज्वारीला गिऱ्हाईक नाही अशी वर्षे लागोपाठ आली, की गावात कोणीतरी इस्त्रीच्या कपड्यातला माणूस येतो आणि नव्या पिकाची गोष्ट सांगतो. सफेद मुसळी अशीच आली. कोरफड आली, रतनजोत आली. बेणे विकणारे पैसे घेऊन गेले, लावणारे माल घेऊन बसले. आता पाळी भांगेची दिसते. उत्तराखंड सरकारने २०१८ साली या झाडाच्या लागवडीला परवाने द्यायला सुरुवात केली. हिमाचल प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौनीच्या विद्यापीठांमार्फत प्रायोगिक लागवडीला मंजुरी दिली. भांगेचे बी आणि बियांचे तेल खाद्यपदार्थ म्हणून विकायला केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ सालीच वाट करून दिली आहे. आपल्याकडे त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, की कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, तेव्हा दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. अर्ज प्रसिद्धीसाठी केला आहे असे ठरवून पोलिसांनी विषय मिटवला. विषय मिटला नाही. डोंगरात जे सुरू झाले ते उद्या पठारावर येईल आणि त्या वेळी पहिला प्रश्न बियाण्याचा असेल.

गांजा ओढावा की नाही याचा वाद आम्ही इथे घालत नाही. व्यसनाने बुडालेली घरे आमच्या मायबहिणींनी कोणाही पुढाऱ्यापेक्षा जवळून पाहिली आहेत, आणि त्यातली बहुतेक सरकारी परवान्याच्या दारूने बुडालेली आहेत. आमचा प्रश्न शेतकऱ्याचा आहे. नव्या वाणाची परीक्षा कोणाच्या शेतात होणार, खर्च कोणाचा, नफा कोणाचा, आणि परीक्षा फसली तर बेडी कोणाच्या हातात?

धाग्याची भांग, तेलाच्या बियांची भांग, औषधाची भांग आणि नशेचा गांजा ही सगळी एकाच जातीची झाडे. खाटेवरची दोरी आणि चिलमीतला गांजा यांत फरक आहे तो टीएचसी नावाच्या एका द्रव्याचा. ज्या झाडाच्या फुलात ते भरपूर, तो गांजा. ज्यात ते नावापुरते, ती धाग्याची भांग. झाड डोळ्याने पाहून हा फरक खात्रीने सांगता येत नाही. तलाठ्यालाही नाही आणि फौजदारालाही नाही.

हॉलंडात आणि कॅलिफोर्नियात गेली चाळीस वर्षे या झाडाच्या पैदासकारांचा एक जोरदार धंदा उभा आहे. पैदासकार दोन वाणांचा संकर करतो. त्याच्या दहा-वीस बिया पाकिटात घालून ओळखीच्या लावणाऱ्यांना फुकट देतो. लावणाऱ्याने त्या वाढवायच्या आणि वही ठेवायची. किती उगवल्या, नर किती, मादी किती, एकाच झाडावर दोन्ही फुले धरणारी बिघडलेली झाडे किती, फुलावर यायला दिवस किती लागले, बुरशी कोणाला लागली, वास कसा, वाळल्यावर वजन किती भरले. दहा ठिकाणच्या वह्या गोळा झाल्या की पैदासकार ठरवतो, हा वाण ठेवायचा की फेकायचा. ठेवला तर त्याला नाव पडते, पाकिटावर चित्र येते आणि एकेका बीची किंमत सांगितली जाते. वही लिहिणाऱ्याच्या हाती त्या हंगामाचा माल राहतो आणि उरलेले श्रेय पैदासकाराकडे जाते. ज्या गावात लागवड गुन्हा होती तिथे पकडले जाण्याची भीतीही वही लिहिणाऱ्याचीच होती. पैदासकाराने तर फक्त बी दिले होते.

वाचताना ओळखीचे वाटते ना? कपाशीत आम्ही दर मृगाला हेच करतो, आणि तेही पदरचे पैसे मोजून. दुकानात दरवर्षी नवी नावे येतात. कुठले बी कुठल्या जमिनीत चालते हे कोणी सांगत नाही. एक पाकीट याचे, एक त्याचे, असे चार वाण आपण चार तासांत लावतो, नांग्या भरतो, बोंडे मोजतो आणि दिवाळीला पारावर बसून निकाल सांगतो. तो निकाल कंपनीचा माणूस वहीत उतरवून नेतो. हॉलंडातल्या लावणाऱ्याला निदान बी फुकट मिळते.

आता या बियाण्याचे मूळ पाहा. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्या परदेशी वाणांनी नाव काढले, त्यांतल्या काहींचे विक्रेते स्वतःच्याच जाहिरातीत सांगतात, की याचा एक पालक दक्षिण हिंदुस्थानातला. ‘हेझ’ नावाच्या वाणाबद्दल ते असे सांगतात, ‘व्हाइट विडो’बद्दलही सांगतात. पालक हिंदुस्थानातला म्हणजे कोणाचा? कुणा डोंगरातल्या शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या निवडून ठेवलेल्या बियाण्याचा. त्याचे नाव कुठल्याच पाकिटावर नाही.

आणि निवड म्हणजे काय हे आमच्या मुलखाला शिकवायची गरज नव्हती. इंग्रज सरकारने १८९३ साली गांजा-भांग-चरसाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्याने १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली अहवाल दिला. साधारण प्रमाणात सेवन करणाऱ्यांना विशेष अपाय दिसत नाही, तेव्हा सरसकट बंदीची गरज नाही, असे त्या साहेबांचे मत पडले. आम्हाला त्या अहवालातले दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. मुंबई इलाख्यात गांजाचे मोठे पीक नगर जिल्ह्यात होते, मध्य प्रांतात ते वऱ्हाड-खानदेशाच्या शेजारच्या खंडव्यात. या पिकात नर झाडे वेळेवर काढावी लागतात. नराचा पराग वाऱ्याने उडतो, मादीला बी धरते आणि माल हलका पडतो. फुले उमलण्याआधी नर ओळखणे हे कसबाचे काम. त्यासाठी जाणकार माणूस मजुरीवर बोलावत. पोद्दार किंवा परखदार असे त्याला म्हणत. इंग्रजांनी त्याला गांजाचा डॉक्टर म्हटले. तो तासातासाने फिरे आणि नर मोडत जाई. बिनबियांच्या गांजाची हीच रीत १९७० नंतर कॅलिफोर्नियात गाजली तेव्हा तिला स्पॅनिश नाव पडले आणि जगाला ती नवी विद्या वाटली. अमेरिकेत २०१५ साली या झाडाच्या वाणांवर पेटंटही मिळू लागले. आमचा परखदार मात्र पुढे कायद्याच्या पुस्तकात आरोपी झाला.

तो कायदा १९८५ चा. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपल्या सरकारने सही केली होती आणि पंचवीस वर्षांत भांगेचा औषधाखेरीजचा वापर संपवायचे कबूल केले होते. मुदत जवळ आली तेव्हा दिल्लीने अमली पदार्थांचा कायदा केला. भांगेचे झाड लावले तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. झाडाच्या नुसत्या पानाला मात्र या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येतून सोडले. म्हणून राजस्थानात आणि उत्तर प्रदेशात भांगेची दुकाने सरकारी परवान्याने चालतात. विकणाऱ्याला परवाना आणि लावणाऱ्याला कोठडी, अशी ही वाटणी आहे. इंडियाने भारतासाठी केलेला कायदा यापेक्षा वेगळा कसा असेल?

याच कायद्याचे कलम ५४ प्रत्येक शेतकऱ्याने ऐकले पाहिजे. तुम्ही कसलेल्या जमिनीत भांगेचे झाड उभे असेल, तर गुन्हा तुम्हीच केला असे कोर्ट धरून चालू शकते. तसे नाही हे तुम्ही सिद्ध करायचे. खुनाच्या आरोपीलाही एवढी आडकाठी नसते.

कलम १४ मध्ये एक फट आहे. धाग्यासाठी, बियांसाठी किंवा बागकामासाठी सरकार अटी घालून लागवडीची परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने त्याच फटीतून वाट काढली आणि अट घातली, की झाडात टीएचसी ०.३ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. अमेरिकेने २०१८ च्या कायद्यात हीच रेघ मारली होती. ही रेघ आली कुठून? अर्नेस्ट स्मॉल नावाच्या कॅनडाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात झाडांचे वर्गीकरण करताना कुठेतरी एक खूण हवी म्हणून हा आकडा धरला. ही रेघ सोयीची आहे, निसर्गाने मारलेली नाही, असे त्याने स्वतःच म्हटले आहे. ०.३ टक्क्यांनी कोणाला नशा चढत नाही, ०.४ ने चढत नाही, १ टक्क्यानेही चढणे कठीण. स्वित्झर्लंडने आपली रेघ १ टक्क्यावर मारली आणि त्या देशाचे काही बिघडले नाही. शास्त्रज्ञाने कपाटातल्या नमुन्यांसाठी ठरवलेला आकडा शेतकऱ्याच्या गळ्यातला फास झाला.

हा फास नव्या बियाण्याची परीक्षा करणाऱ्याला सर्वांत आधी बसतो. कसा ते सांगतो.

कपाशीच्या एफ-टूचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आहे. बीटीच्या संकरित कपाशीची सरकी ठेवून पुढच्या वर्षी पेरली तर पऱ्हाटी सारखी येत नाही. एक उंच, एक बुटकी, एकाला बोंडे लवकर, एकाला उशिरा, आणि सुमारे चारात एक झाड बिनबीटीचे. पालकांचे गुण दुसऱ्या पिढीत असे सुटे होतात. पैदासकाराला हेच हवे असते. सुटे झालेल्या गुणांतूनच तो हवे ते झाड निवडतो.

भांगेत टीएचसी बनणार की सीबीडी नावाचे दुसरे, नशा न आणणारे द्रव्य बनणार, हे मुख्यतः एकाच जागच्या गुणावर ठरते. गांजाचे झाड आणि धाग्याचे झाड यांचा संकर केला तर पहिली पिढी मधली निघते. दुसऱ्या पिढीत चारातले एक झाड धाग्याच्या बाजूचे, दोन मधली, आणि एक अस्सल गांजा. यात लावणाऱ्याच्या हाताचा, खताचा, पाण्याचा काही संबंध नाही. शंभर झाडांचा प्रयोग दिला तर पंचवीसेक झाडे गांजाची निघणार आणि पन्नासेक मधलीही ०.३ च्या वर जाणार, हे बी देणाऱ्याला पेरणीआधी ठाऊक असते. पाकीट घेणाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही. दोघांपैकी कोणाच्या सात-बाऱ्यावर ती झाडे उभी राहतात? आणि कलम ५४ कोणाला लागते?

पुढचे ऐका. पक्क्या झालेल्या वाणातही फूल जसे पिकत जाते तसा टीएचसीचा टक्का चढत जातो. अमेरिकेत म्हणूनच नियम झाला, की कापणीच्या आधी ठरावीक दिवसांत सरकारी माणसाने नमुना घ्यायचा. रेघ ओलांडली तर पीक नष्ट करायचे. ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यात सुरुवातीच्याच हंगामात तपासलेल्या पिकांचा मोठा हिस्सा रेघेच्या वर निघाला. तेव्हा बियाणेवाल्यांनी काय सांगितले असेल? आपल्याला न ऐकताही माहीत आहे. ऊन फार पडले, पाण्याचा ताण बसला, खताचा डोस चुकला. बोंडअळी आली तेव्हा आपल्याला जे सांगितले तेच. पण कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात झाडे पाण्यात बुडवली, त्यांच्यावर तणनाशक मारले, भुरी लावली, खोडे जखमी केली. टीएचसी आणि सीबीडी यांचे आपसातले प्रमाण बदलले नाही. ते बियाण्यात ठरलेले होते. म्हणजे टक्का चढला तर तो बियाण्याचा दोष. शिक्षा मात्र ताणात उभ्या पिकाच्या धन्याला.

बीजोत्पादन करणाऱ्या आपल्या भावांना हे नवीन नाही. जालना आणि देऊळगावराजा भागात कितीतरी जण कंपन्यांसाठी बीजोत्पादन करतात. पहाटेपासून बायाबापड्या वाकून एकेका फुलाचे नर काढतात, पराग लावतात, दोरा बांधतात. बी कंपनीकडे जाते आणि पैसे अडकतात, कारण जीओटी व्हायची असते. काही महिन्यांनी निरोप येतो, जीओटी फेल. पालक बी कंपनीचे, तपासणी कंपनीची, निकाल कंपनीचा, नुकसान शेतकऱ्याचे. फेल झालेले ते बी पुढे कुठे जाते हे विचारायची सोय नाही. मिरचीच्या बियाण्यात फक्त पैसे बुडतात. भांगेत जीओटी फेल झाली तर दारात गाडी उभी राहील.

कोणी म्हणेल, सरकार समजूतदारपणे घेईल. सरकारची समज आपण पाहिली आहे. २००१ साली गुजरातेत हजारो एकरांवर ‘नवभारत १५१’ उभी सापडली. आजूबाजूची कपाशी अळीने खाल्ली आणि ही टिकली, म्हणून शेतकरी खूश होते. दिल्लीतल्या समितीने हुकूम काढला, उपटा आणि जाळा. मार्च २००२ मध्ये त्याच दिल्लीने बीटी कपाशीला मंजुरी दिली. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर गावी तणनाशक सोसणारी कपाशी उघडपणे लावली गेली, तेव्हा लावणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. प्रयोग करायचा हक्क साहेबाच्या काचेच्या घराला आहे, शेतकऱ्याच्या वावराला नाही, असे हे धोरण आहे. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी आज आपण भाकरीत खातो. ती ज्या ज्वारीतून निवडली ती काचेच्या घरात जन्मली नव्हती.

भाव मिळेल का, हाही प्रश्न आहेच. २०१८ चा कायदा झाल्यावर अमेरिकेत भांगेची लाट आली. २०१९ साली पाच लाख एकरांच्या वर परवाने दिले गेले. एवढा माल घेणारे कोणी नव्हते. वाळवणीची सोय नव्हती, गिरण्या नव्हत्या. भाव कोसळले, माल शेडमध्ये कुजला आणि त्या वर्षी कमावले ते रोपे आणि बी विकणाऱ्यांनी. मुसळीची गोष्ट इंग्रजीत ऐकल्यासारखे वाटते.

तेव्हा आम्ही या पिकाच्या विरोधात आहोत का? नाही. कोणते पीक घ्यावे हे शेतकऱ्याने ठरवावे. ज्या झाडाला पाणी कमी लागत असेल, ज्याच्या धाग्याला, बियाला, औषधाला जगात गिऱ्हाईक असेल, ते लावायची बंदी कोरडवाहू शेतकऱ्यावर कोणी का घालावी? नियंत्रण ठेवायचे तर विक्रीच्या दुकानावर ठेवा, झाडावर नको. पण हे होईपर्यंत कोणाच्याही सांगण्यावरून, फुकट मिळाले म्हणून, प्रयोगाचे म्हणून, परवाना ‘होऊन जाईल’ म्हणून भांगेचे एकही बी वावरात टाकू नका. तुरीच्या ओळीत लपलेले झाडही पंचनाम्यात मोजले जाते.

आणि परवाने निघायचे ठरले, विद्यापीठ किंवा कंपनी चाचणीसाठी शेत मागू लागली, तर आमच्या अटी आधी कागदावर हव्यात. चाचणीचा परवाना बी देणाऱ्याच्या नावावर निघाला पाहिजे आणि कलम ५४ मधून चाचणीचे शेत लेखी वगळले पाहिजे. टीएचसीची हमी बियाण्याच्या लॉटवर द्या, टक्का चढला तर ते सदोष बियाणे समजा आणि नष्ट केलेल्या पिकाची पूर्ण भरपाई बियाणेवाल्याकडून घ्या. वाण संरक्षणाच्या २००१ च्या कायद्यात कलम ३९ ने हा रस्ता आखून दिला आहेच. वाण सांगितल्याप्रमाणे निघाला नाही तर शेतकऱ्याला भरपाई मागता येते. एकराचे भाडे आणि वही लिहायची मजुरी पेरणीआधी रोख मिळाली पाहिजे. जीओटी कंपनीच्या खोलीत होणार नाही, नमुन्याचा अर्धा भाग सीलबंद होऊन शेतकऱ्याकडे राहील. चाचणीचा निकाल, चांगला असो की वाईट, मराठीत छापून सर्वांना दिला जाईल. आणि ज्या शेतांत वाण पारखला त्या शेतांतल्या परखदारांचा त्या वाणाच्या कमाईत ठरलेला हिस्सा राहील.

यातली शेवटची अट ऐकून बियाणेवाले हसतील. कपाशीच्या बाबतीत ती आपण कधी मांडली नाही, म्हणून त्यांना हसू येईल. जिल्हा बैठकीत हा ठराव भांगेपुरता न ठेवता कपाशीच्या आणि ज्वारीच्या प्रत्येक डेमो प्लॉटसाठी मांडायचा आहे. ज्यांच्या शेतात गेल्या तीन वर्षांत कुठल्याही कंपनीचा प्लॉट झाला असेल, ज्यांचे बीजोत्पादनाचे पैसे जीओटीत अडकले असतील, त्यांनी पावत्या, पाकिटांवरचे टॅग, लॉट नंबर आणि कंपनीच्या माणसाने सही केलेला कुठलाही कागद बैठकीला सोबत आणावा. सही नसेल, नुसते तोंडी ठरले असेल, तर तेही तालुक्याच्या यादीत लिहून घ्यावे. यादी तयार झाल्यावर पहिले पत्र कृषी आयुक्तांना जाईल.